राखणदाराची राखण



दरवर्षी सृष्टीचा काळ येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली १ सप्टेंबर हा सृष्टीच्या रक्षणासाठी प्रार्थना करण्याचा दिवस म्हणून कॅथोलिक ख्रिस्तसभेत ठरवून दिला. तिथपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, जगभर हा काळ पाळला जातो. आपल्याकडे या दिवसांत काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. चर्चच्या आवारात रोपे लावली जातात, मुलांची चित्रकला स्पर्धा होते, फादर एका रविवारी पर्यावरणावर प्रवचन देतात. काही ठिकाणी खड्डे गेल्या वर्षीचेच असतात, रोप तेवढे नवे असते. असो, लावतात हेही कमी नाही.

याच काळात एक दिवस येतो, तो मात्र सहसा कोणाच्या लक्षात नसतो. ११ सप्टेंबर, राष्ट्रीय वनशहीद दिन. १७३० साली राजस्थानात जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसे झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी नावाच्या बिश्नोई बाईने झाडाला मिठी मारली आणि तिथेच तिचा जीव घेतला गेला. तिच्या मागोमाग आणखी लोक पुढे आले. एकूण ३६३ माणसे मारली गेली. त्या दिवसाची आठवण म्हणून जंगल राखताना मेलेल्या वनरक्षकांना आणि वन कर्मचाऱ्यांना या तारखेला मानवंदना दिली जाते.

आमच्या पॅरिशमध्ये रविवारच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थना लिहून काढायचे काम माझ्याकडे आहे. ११ तारखेच्या जवळच्या रविवारसाठी मी वनरक्षकांसाठी एक प्रार्थना लिहिली. शनिवारी संध्याकाळी कागद वाचून दाखवला तेव्हा कौन्सिलमधले एक ज्येष्ठ म्हणाले, "ही एवढी काढा हो. फॉरेस्टवाल्यांसाठी प्रार्थना म्हटली की निम्मे लोक 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' असे म्हणायचेच नाहीत."

सगळे हसले. मीही हसलो. पण त्यांचे म्हणणे काही हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. भीमगड परिसराचे २०११ साली अभयारण्य झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटर. त्याच्या पोटात आपली मराठी बोलणारी गावे आणि वाड्या आहेत. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर घालून चिखलातून आणावे लागते, आणि रस्त्याचा विषय काढला की परवानगीचा विषय निघतो. रानडुकरे एका रात्रीत भाताचे वाफे उलथून टाकतात, गवे ऊस खातात, माकडे उरलेले. माणसाने मात्र जळणाची मोळी आणली तरी त्याला हटकले जाते. अशा लोकांना रविवारी सकाळी सांगायचे की, आता फॉरेस्टवाल्यांसाठी प्रार्थना करा. त्यांच्या पोटात काय होत असेल ते मला समजते.

तरी तो कागद मी फाडला नाही. त्याला कारण आहे.

आमच्याच चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसणारा एक भाऊ जंगलात वॉचर आहे. त्याचे नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही, कारण लिहिले तर त्रास त्यालाच. तो कायम नोकरीतला वनरक्षक नाही, कंत्राटावरचा आहे. खाकी कपडे तेच, चालणे तेवढेच, पगार मात्र वेगळा आणि तोही वेळेवर येईल तेव्हा खरा. शिकारविरोधी कॅम्पवर ड्युटी लागली की कित्येक दिवस तो घरी येत नाही. पत्र्याची खोली, दोन-तीन माणसे, तांदूळ, डाळ, आणि हातात काठी. रोज ठरलेल्या बीटमध्ये पायी फिरायचे, कुठे ठसे दिसले, कुठे विष्ठा दिसली, कुठे झाड तुटले ते टिपून ठेवायचे. उन्हाळ्यात जाळरेषा काढायच्या, वणवा लागला की हिरव्या फांद्या घेऊन विझवायला धावायचे. दर चार वर्षांनी देशभर वाघांची मोजणी होते. २००६ साली १४११ वाघ असल्याचा अंदाज होता, २०२२ साली ३६८२. हे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि सरकारचे कौतुक करतो. पण त्यामागे असे हजारो पाय चाललेले असतात. ताडोबात २० नोव्हेंबर २०२१ रोजी याच मोजणीच्या कामासाठी पायी गेलेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारले. तिच्या मागे घर होते, संसार होता.

मी त्याला एकदा विचारले, "रात्री वाघाची भीती नाही वाटत?"

तो म्हणाला, "काका, वाघ आपल्याला बघून बाजूला होतो. रात्री रानात बॅटरीचा उजेड दिसला की मात्र पोटात गोळा येतो. तो माणूस असतो. आणि कधीकधी ओळखीचा."

त्याच्या या बोलण्यानंतर मला स्तोत्र १०४ वेगळेच दिसू लागले. तुम्ही घरी जाऊन ते सावकाश वाचा. त्यात दिवसाची आणि रात्रीची वाटणी केलेली आहे. अंधार पडला की रानातली श्वापदे बाहेर येतात, सिंहाचे छावे गर्जना करून देवाकडे आपले अन्न मागतात. सूर्य उगवला की ते आपल्या गुहेत जाऊन पडतात आणि मग माणूस संध्याकाळपर्यंत आपल्या कामाला बाहेर पडतो. दोघांनाही देवानेच वेळ दिली, दोघांचेही पोट तोच भरतो. आमचा हा वॉचर त्या दोन वेळांच्या मधल्या उंबरठ्यावर उभा असतो. रात्र ज्यांची आहे त्यांच्याकडे दिवसाच्या माणसाने बंदूक घेऊन जाऊ नये म्हणून.

गेल्या वर्षी त्याने एका ओढ्याजवळच्या पायवाटेवरून बरेच फास काढून आणले. फास म्हणजे काही मोठे यंत्र नसते. मोटरसायकलच्या क्लचची किंवा सायकलच्या ब्रेकची जुनी वायर, तिची सरकती गाठ, एक टोक झाडाला बांधलेले. जनावर ज्या वाटेने पाण्यावर जाते त्या वाटेवर, त्याच्या मानेच्या उंचीला लावायचा. लावणाऱ्याला रानडुक्कर हवे असते. पण वायरला डुक्कर कळत नाही. भेकर अडकते, साळिंदर अडकते, गाभण सांबरी अडकते, कोणाची तरी चरायला सुटलेली गाय अडकते, आणि डुकराच्या मागावर आलेला बिबट्या अडकतो. जनावर जितके ओढते तितकी गाठ आवळते. सकाळी कोणी बघायला आले तर ठीक, नाहीतर दोन-दोन दिवस ते तसेच तडफडते. गावठी बॉम्बचेही तसेच. पिठाच्या गोळ्यात दारू भरून ठेवतात, डुकराने चावला की जबडा फुटतो. गाईने चावला तर गाईचाही.

ते फास कोणी लावले होते हे त्याला माहीत होते. तक्रार वर गेली की नाही ते मी विचारले नाही. पण त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणारी माणसे कमी झाली. एका घरच्या लग्नात त्याला पत्रिका गेली नाही. नळावर त्याच्या बायकोला टोमणे ऐकावे लागतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याच्या मुलाला पोरे 'फॉरेस्टवाल्याचा' म्हणून हाक मारतात, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे आणि वर्गातच थांबवले आहे. मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देण्याची वेळ येते तेव्हा तो बाकाच्या कडेला दोन्ही हात जोडून उभा असतो आणि समोरची दोन-तीन माणसे नेमकी दुसऱ्या बाजूला वळतात. म्हणून तो कागद मी फाडला नाही.

आता कोणी म्हणेल, बायबलमध्ये शिकारीला बंदी कुठे आहे? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाऊ नये. बंदी नाही. हरीण आणि सांबर खाण्याची मोकळीक अनुवादाच्या पुस्तकात स्पष्ट दिलेली आहे. निम्रोद मोठा शिकारी होता असे उत्पत्तीत आहे. एसाव शिकारी होता. पण एसावाच्या घरातली एक गोष्ट आपण वाचतो आणि पुढे जातो. म्हाताऱ्या इसहाकाचे एसावावर जास्त प्रेम का, तर त्याने आणलेल्या शिकारीची चव बापाच्या जिभेला लागली होती. त्या एका चवीपायी घरात डावा-उजवा झाला, रिबकेने डाव मांडला, आशीर्वाद चोरला गेला आणि भावाला भाऊ मारायला उठला. शिकार पाप होती असे तिथे म्हटलेले नाही. चव घरात काय काय करते तेवढे दाखवले आहे. आपल्याकडे नाताळच्या आधी किंवा लग्नाच्या आदल्या रात्री 'रानातले आले आहे' असे हळूच सांगितले जाते, पिशवी मागच्या दाराने येते आणि पाहुण्यांमध्ये यजमानाचा मान वाढतो, ते मला दरवेळी इसहाकाच्या तंबूसारखे वाटते. भुकेपोटी रानात जाणारा माणूस वेगळा. त्याच्यावर बोट ठेवायला माझा हात उठत नाही. पण आज मागच्या दाराची पिशवी बहुतेक वेळा भुकेसाठी नसते, मानासाठी असते. आणि पकडला जातो तो आणणारा, खाणारा नाही.

मानाचा विषय निघालाच आहे तर वाघनखाचेही सांगतो. २०२३ साली कर्नाटकात टीव्हीच्या एका कार्यक्रमातल्या स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखाच्या लॉकेटवरून अटक झाली, तेव्हा गावोगाव कपाटातली लॉकेटे बाहेर निघाली. 'आजोबांच्या वेळचे आहे' हे उत्तर सगळ्यांचे एकच होते. ज्या गळ्यात क्रूस घालायचा तिथे मेलेल्या जनावराचे नख कशाला, हा प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे. कायदा तर १९७२ पासून आहे.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि मादी पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलांसह आईला धरू नये, आईला सोडून द्यावे. आणि त्यापुढे वचन आहे दीर्घायुष्याचे. आईबापांचा मान राखणाऱ्याला दहा आज्ञांत जे वचन मिळते, जवळजवळ तेच वचन घरट्यातल्या मादीला सोडणाऱ्याला मिळते. एवढ्याशा पाखरासाठी एवढे मोठे वचन. घेण्यालाही हद्द आहे, आणि पुढच्या पिढीला जन्म देणारीवर हात टाकायचा नाही, एवढे त्यात अगदी साफ आहे. वायरच्या फासाला हा नियम पाळता येत नाही. विषाला तर मुळीच नाही.

विषाचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. म्हादई नदी आपल्या खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावते आणि घाट उतरून गोव्यात सत्तरी तालुक्यात जाते. तिथे म्हादई अभयारण्य आहे. त्या सत्तरीत वाघेरी नावाचा डोंगर आहे, गावोगाव वाघाच्या मूर्ती कोरलेले जुने दगड आहेत, लोक पिढ्यान्‌पिढ्या वाघाला देव मानत आले. त्याच तालुक्यात गोळावली गावाच्या रानात २०२० च्या जानेवारीत आधी एक वाघ मेलेला सापडला आणि मग काही दिवसांत आणखी तीन. एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले. काही नखेही काढलेली होती. गुरे पाळणाऱ्या एका स्थानिक कुटुंबातील माणसांना अटक झाली. वाघाने त्यांची गुरे मारली होती, आणि मेलेल्या जनावरावर विष घातले गेले होते.

हे कसे घडते ते समजून घ्या. वाघ मोठे जनावर मारतो तेव्हा ते एका बैठकीत संपवत नाही. थोडे खातो, आसपास झुडपात विसावतो, पुन्हा परत येतो. पिल्ले असलेली वाघीण शिकार झाल्यावर पिल्लांना तिथे घेऊन येते. म्हणजे ज्या मांसावर विष घातले आहे तिथे आई स्वतः आपल्या लेकरांना जेवायला बोलावते. एक विषप्रयोग आणि अख्खे घर संपले. अनुवादातला तो घरट्याचा नियम इथे अगदी उलटा झाला, आईसह पिल्ले.

त्या बातमीने मी फार अस्वस्थ झालो होतो, आणि अजूनही गोळावलीचे नाव आले की होतो. पण केवळ वाघांसाठी नाही. ज्या घरातली म्हैस मेली त्या घराचाही विचार येतो. दूध विकून चालणारे घर असेल तर म्हैस म्हणजे महिन्याचा पगार. ती गोठ्याजवळ फाडून टाकलेली दिसते. त्या सकाळपासून विष घालण्याच्या रात्रीपर्यंत काही तास किंवा काही दिवस मध्ये जातात. विष त्या मधल्या वेळात तयार होते. त्या वेळात कोणी त्या घरी गेले असते, पंचनामा झाला असता, भरपाईचा कागद हातात पडला असता, शेजाऱ्याने दोन दिवस दूध पाठवले असते, तर? उत्तर मला माहीत नाही. मी विष घालणाऱ्याची बाजू घेत नाही. गुन्हा तो गुन्हाच. पण काईनाला देवाने जो प्रश्न विचारला तो आपल्यालाही विचारलेला आहे.

आता जे सांगतो ते आमच्या एका सेमिनरीच्या शिबिरात ऐकले होते आणि पुढे स्वतः पडताळून पाहिले. देवाने आदामाला एदेन बागेत ठेवले ते दोन कामांसाठी, मशागत करायला आणि राखण करायला. उत्पत्ती दुसरा अध्याय, पंधरावे वचन. या राखण करण्याला मूळ हिब्रूत 'शामर' हे क्रियापद आहे. दोनच अध्याय पुढे जा. काईनाने हाबेलाला मारले आहे, देव विचारतो आहे तुझा भाऊ कुठे, आणि काईन उलटून म्हणतो की, मी काय त्याचा राखणदार आहे? तिथेही शब्द 'शामर' याच धातूचा. आणि स्तोत्र १२१ काढा, जे आपण प्रवासाला निघताना म्हणतो. डुलकी न घेणारा, झोप न घेणारा, तुला राखणारा देव. तिथेही तोच शब्द, आणि तो त्या लहानशा स्तोत्रात पुन्हा पुन्हा येतो.

बाग राखणे, भाऊ राखणे आणि देवाने आपल्याला राखणे, तिन्हींना एकच शब्द. आपण मात्र वाटणी करून टाकली. जंगल राखायचे ते फॉरेस्टवाल्याने, भावाला राखायचे ते विन्सेंट डी पॉलच्या मंडळींनी, आणि आपल्याला राखायचे देवाने. गोळावलीत भावाची राखण झाली नाही आणि बागेचीही झाली नाही. ही दोन कामे वेगळी करता येत नाहीत असे मला तरी दिसते. ज्या घरच्या म्हशीचे दुःख कोणाला नाही, त्या घराजवळचा वाघ जगेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

तिसरीही एक राखण आहे, जी बहुतेक जण विसरतात. राखणदाराची राखण. आपल्याच राज्यात, चामराजनगर जिल्ह्यातल्या मले महादेश्वर डोंगरात, २०२५ च्या जूनमध्ये एक वाघीण आणि तिची चार पिल्ले मेलेली सापडली. पुन्हा मेलेली गाय, पुन्हा विष. नंतर जे बाहेर आले ते वाचून मी पेपर खाली ठेवला. त्या भागात गस्त घालणाऱ्या कंत्राटी माणसांना काही महिने पगारच मिळालेला नव्हता, आणि ही घटना घडली त्याच आठवड्यात त्यांनी त्यासाठी आंदोलन केले होते. ज्याच्या घरात तांदूळ नाही त्याला आपण सांगतो की रात्रभर रानात फिर आणि दुसऱ्याची गाय कोणत्या झाडाखाली मरून पडली ते बघ. मजुराची मजुरी अडवली तर तिचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो, असे याकोबाच्या पत्रात आहे. शेतातल्या मजुराला लागू आहे ते रानातल्या मजुराला का नसावे?

त्याच मुलखातला एक जुना माणूस इथे आठवतो. पी. श्रीनिवास, भारतीय वनसेवेतले अधिकारी. वीरप्पन हत्ती मारत होता, चंदन लुटत होता, माणसे मारत होता त्या काळात श्रीनिवास यांनी त्याच्याच गावात, गोपीनाथममध्ये, जाऊन लोकांसाठी काम केले. औषधपाण्याची सोय केली, घरांसाठी मदत केली, गावकऱ्यांसाठी मारीअम्मनचे देऊळ उभे केले. बंदुकीच्या जोरावर जंगल राखता येत नाही, माणसे आपली झाली पाहिजेत असे त्यांना वाटे. वीरप्पन शरण येतो आहे असा निरोप आला तेव्हा ते शस्त्र न घेता भेटायला गेले. १० नोव्हेंबर १९९१ ला त्यांना मारण्यात आले. मरणोत्तर कीर्तिचक्र मिळाले. ते आपल्या धर्माचे नव्हते. तरी जो मेंढपाळ लांडगा आला असता पळून जात नाही त्याच्याविषयी योहानाच्या दहाव्या अध्यायात वाचताना माझ्या डोळ्यांसमोर हे गृहस्थ येतात, त्याला माझा इलाज नाही.

शिकाऱ्यांचा एक आश्रयदाता संतही आहे, संत हुबर्ट, लीजचे बिशप. ३ नोव्हेंबरला त्यांचा सण. आख्यायिका अशी की तरुणपणी ते शिकारीच्या नादात होते आणि एकदा ज्या हरणाच्या मागे लागले होते त्या हरणाच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला. ही कथा आधी संत युस्टेस यांच्याविषयी सांगत, मग ती हुबर्ट यांच्या नावावर आली, म्हणून इतिहास म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. पण युरोपातल्या शिकाऱ्यांनी शिकारीच्या मागे लागलेला नव्हे तर थबकलेला माणूस आपला संत म्हणून निवडला, हे मला आवडते.

तर त्या शनिवारी शेवटी कागद फादरांकडे गेला. त्यांनी वाचला, चष्मा वर केला आणि विचारले, "ज्याचे भात डुकराने खाल्ले त्याच्यासाठी काय लिहिले आहे?" लिहिलेले नव्हते, कारण मुळात विषय वनशहीद दिनाचा होता. ते म्हणाले, "मग दोन्ही लिहा. आणि एकामागोमाग एक वाचा, मध्ये दुसरे काही घालू नका."

रविवारी वाचलेल्या प्रार्थना अशा होत्या:

जंगलात दिवसरात्र पहारा देणारे वनरक्षक आणि वॉचर, त्यांच्या जिवाचे रक्षण व्हावे, त्यांची मजुरी त्यांना वेळेवर मिळावी, आणि काम करताना ज्यांचे प्राण गेले त्यांच्या कुटुंबांना आधार मिळावा, म्हणून आपण प्रार्थना करू या.

ज्यांच्या पिकांचे आणि गुरांचे रानातल्या जनावरांमुळे नुकसान झाले आहे, त्यांना न्याय्य भरपाई मिळावी, आणि संतापाच्या वेळी त्यांच्या दारात कोणीतरी यावे, म्हणून आपण प्रार्थना करू या.

पहिल्या प्रार्थनेला उत्तर जरा हळू आले, दुसऱ्याला मोठ्याने. ज्येष्ठांचे भाकीत अगदीच खोटे ठरले नाही. त्या दिवशी शांतीचे चिन्ह देताना काय झाले ते विचाराल तर, मी पुढच्या बाकावर होतो आणि मागे वळून बघणे बरे दिसले नसते.

मिस्सानंतर मात्र एक बाई थांबल्या. त्यांची गाय मे महिन्यात गेली होती, बिबट्याने मारलेली. त्यांनी ती त्याच दिवशी ओढून नेऊन पुरली. वास सुटला असता, मुले घाबरली असती, दुसरे काय करणार? पण मग पंचनामा कशाचा करायचा? भरपाई बुडाली. अशी किती घरे असतील याची आम्ही त्या दिवशी दारातच उभे राहून मोजणी केली, आणि बोटे पुरली नाहीत. त्या वॉचर भावानेच पुढे येऊन सांगितले की जनावर हलवू नका, लगेच आम्हाला कळवा, कोणत्याही वेळी कळवा, मी स्वतः येतो. बाई त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी त्याचा नंबर लिहून घेतला.

पॅरिश कौन्सिलने ठरवले आहे की दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या खोलीत एक टेबल मांडायचे. आपले एक निवृत्त शिक्षक तिथे बसतील आणि भरपाईचे अर्ज भरून देतील. अर्ज कन्नडमध्ये असतो म्हणून अनेक जण भरतच नाहीत, ती अडचणही दूर होईल. येताना आधार कार्ड, बँकेचे पासबुक, पिकाचे नुकसान असल्यास जमिनीचा उतारा, आणि नुकसानीचे किंवा मेलेल्या जनावराचे फोटो घेऊन या. जनावर गेले असेल तर पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो. ज्यांच्याकडे फोटो काढायचा फोन नाही त्यांनी युवा संघटनेच्या मुलांना सांगावे, ती गाडीवरून येतात.